आवाज नेमका कुठे फाटतो?

संगणकावर गाणी ऐकणाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा दोनच शब्दांची असते : आवाज फाटतोय. या दोन शब्दांमागे निदान सहा निरनिराळे बिघाड असू शकतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा डॅकशी काही संबंध नसतो. तरी दुकानात गेलं की सल्ला ठरलेला : डॅक बदला. डॅक म्हणजे संगणकातल्या आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारा डबा. तो हजार-दीड हजारापासून लाखांपर्यंत कितीही किमतीचा मिळतो, त्यामुळे या सल्ल्याला वरची मर्यादा नसते.

पुणे-सातारा महामार्गावर खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकून नसरापूरच्या दिशेने निघालं की वरवे बुद्रुक लागतं. तिथे आमचे एक नाना राहतात. नोकरीची वर्षं पुण्यात काढली, आता गावच्या घरात. ओसरीलगतची खोली त्यांनी गाण्यासाठी राखून ठेवली आहे. एक लॅपटॉप, त्याच्या यूएसबीला जोडलेला छोटा डॅक, तिथून वायर ॲम्प्लिफायरला आणि पुढे दोन लाकडी स्पीकर. नानांची तक्रार मात्र दोन शब्दांवर थांबली नाही. "तबला-पेटी नीट वाजते रे," ते म्हणाले, "पण गायक तार षड्जाला भिडला की चरचरतं. मधूनच टक् टक् होतं. आणि चार्जर लावला की घूंऽऽ सुरू होतं, ते गाणं थांबवलं तरी थांबत नाही."

एका दमात त्यांनी तीन बिघाड सांगितले होते आणि तिन्ही वेगवेगळ्या जागचे. दुकानदाराने मात्र ऐकला तो एकच शब्द, फाटतो.

फाइलमधून निघालेलं गाणं स्पीकरच्या कागदी शंकूपर्यंत पोचेस्तोवर बरीच ठाणी लागतात. आधी प्लेअर ती फाइल उलगडून आकडे बाहेर काढतो. ते आकडे विंडोजच्या किंवा लिनक्सच्या मिक्सरमध्ये जातात, कारण त्याच वेळी ब्राउझरचा आवाज, ईमेलची टिंग असलं सगळं त्यात मिसळायचं असतं. मग यूएसबी, मग डॅक. इथे आकडे संपतात आणि वीज सुरू होते. पुढे ॲम्प्लिफायर, वायरी, स्पीकर. डॅक ही या वाटेवरची वेस आहे. वेशीच्या अलीकडचा बिघाड आणि पलीकडचा बिघाड कानाला वेगळा ऐकू येतो. आकड्यांत गडबड झाली तर टिचकी ऐकू येते, खंड पडतो, लहरीचा माथा सपाट कापला जातो, नाहीतर सूरच बदलतो. विजेत गडबड झाली तर गुणगुण, घरघर, एक बाजू क्षीण होणं असे प्रकार होतात. महागडी यूएसबी वायर लावल्यावर आवाज 'जरा मखमली' झाल्याचं सांगणारे लोक भेटतात. आकडा एक तर बरोबर पोचतो किंवा चुकीचा पोचतो, मखमली होऊन पोचत नाही. तेव्हा या लोकांशी वाद घालू नये आणि वायरही घेऊ नये.

सीडी १९८२ साली बाजारात आली, त्याआधीच सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे ठरवलं. हा विचित्र आकडा कुठून आला? तेव्हा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत असत. अमेरिकी-जपानी पद्धतीच्या चित्रातल्या २४५ ओळी, दर ओळीत ३ नमुने, सेकंदाला ६० वेळा, गुणाकार ४४,१००. युरोपात आणि आपल्या दूरदर्शनने वापरलेल्या पद्धतीत २९४ ओळी, ३ नमुने, ५० वेळा, गुणाकार पुन्हा तोच. चित्रपट आणि व्हिडिओवाल्यांनी पुढे ४८,००० हा आकडा धरला. हे दोन आकडे लक्षात असू द्या, पुढे त्यांचीच भांडणं आहेत.

सीडीचा प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. म्हणजे त्याला उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतच किंमत घेता येते. त्याच्या वर आकडाच नाही. नानांच्या पहिल्या तक्रारीचं मूळ इथे होतं. सुट्टीत आलेल्या नातवाने प्लेअरचा आवाज शंभर टक्क्यांच्या पुढे नेऊन ठेवला होता आणि वर इक्वलायझरच्या पट्ट्या दोन्ही टोकांना चढवल्या होत्या. काही प्लेअर ही सोय देतात. व्हीएलसीत पट्टी १२५ टक्क्यांपर्यंत जाते, जुन्या आवृत्त्यांत ती २०० पर्यंत जायची. पण शंभरच्या पुढचा आवाज येणार कुठून? प्लेअर नुसता गुणाकार करतो. गाणं हळू असेल तेव्हा हा गुणाकार खपतो. गायक तार षड्जावर गेला, आवाज भरून आला की गुणाकाराचं उत्तर चाळीस-पन्नास हजारांत जातं आणि ते ३२,७६७ वर छाटलं जातं. लहरीचा गोल माथा सपाट होतो. ध्वनीच्या धंद्यात याला क्लिपिंग म्हणतात.

इक्वलायझरचं गणित आणखी फसवं. सहा डेसिबल म्हणजे लहरीची उंची दुप्पट. पट्टी सहावर नेली की त्या भागातला प्रत्येक आकडा दुप्पट होतो, आणि आजकालच्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये मूळ आकडेच छताला टेकलेले असतात. म्हणून इक्वलायझर वापरायचाच असेल तर त्यातली प्रीॲम्प नावाची पट्टी तेवढीच खाली आणावी लागते. बास सहाने वाढवला, तर प्रीॲम्प सहाने उतरवा. ही पट्टी बहुतेकांनी कधी हलवलेलीच नसते. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' नावाचा जो भाग असतो, त्यात बास बूस्ट, लाउडनेस इक्वलायझेशन असले प्रकार दडलेले असतात. प्लेअरमध्ये सगळं नीट असूनही आवाज चरचरत असेल तर तिथे पाहावं आणि सरसकट सगळं बंद करावं.

माथा कापल्यावर तो आवाज कानाला इतका का खुपतो, तेही बघण्यासारखं आहे. लहर सपाट कापली की तिच्यात नवे स्वरांश तयार होतात, मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे. एकटा सूर असेल तर हे कदाचित सहन होईल. पण आपल्या गाण्यात मागे तंबोरा सतत झंकारत असतो. गळा आणि तंबोरा एकाच वेळी छाटले गेले की दोघांच्या बेरीज-वजाबाकीतून भलतेच स्वर निपजतात. ते ना गायकाने लावलेले, ना तंबोऱ्यात असलेले. पाश्चात्त्य रॉकमध्ये फाटलेली गिटार मुद्दाम वाजवतात आणि ती छान वाटते. तंबोऱ्यावर ऐकणाऱ्याचा कान मात्र लगेच कडू होतो. नानांना तबल्यात दोष जाणवला नाही, गळ्यात जाणवला, त्याचं एक कारण हेही. तबल्याचा ठोका क्षणात संपतो, त्याचा कापलेला माथा निसटून जातो. तार षड्जावरचा ठेहराव निसटत नाही.

"मग आवाज कमी केला तर गाण्याचा कस जाईल ना?" नानांनी विचारलं. ही भीती पुष्कळांना असते आणि ती आता जुनी झाली. एक बिट सोडला की सहा डेसिबल जातात. आजचे डॅक बहुधा २४ बिटांचे असतात, म्हणजे १६ बिटांच्या गाण्याखाली आठ बिटांची मोकळी जागा असते. प्लेअर तीन-चार डेसिबलने उतरवला तर काहीही हरवत नाही. उलट फायदाच होतो. दोन नमुन्यांच्या मधली लहर कधीकधी दोन्ही नमुन्यांपेक्षा उंच जाते. ती डॅकच्या आत जोडली जाते तेव्हा तिला वर जागा लागते. छताला टेकून रेकॉर्ड केलेल्या गाण्यात ही जागा नसते, म्हणून एकही आकडा मर्यादा न ओलांडता आवाज खरखरीत होऊ शकतो. थोडा आवाज उतरवला की हा दोष पुसला जातो. मोठा आवाज हवा असेल तर ॲम्प्लिफायरची खुंटी पिळावी, ती त्याचसाठी आहे. नानांच्या प्लेअरची पट्टी शंभराच्या खाली आणली, इक्वलायझर बंद केला, खुंटी चढवली. चरचर गेली. तरी काही गाण्यांत ती राहिलीच, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

आता ४४,१०० आणि ४८,००० यांचं भांडण. डॅकच्या पोटात स्फटिकाची घड्याळं असतात. चांगल्या डॅकमध्ये बहुधा दोन, दोन कुळांसाठी. ४४,१०० चं कूळ २२.५७९२ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालतं, ४८,००० चं २४.५७६ वर. फाइल एका कुळातली आणि विंडोजचा मिक्सर दुसऱ्या कुळावर ठरवलेला, असं असेल तर मिक्सर प्रत्येक नमुना नव्याने मोजून काढतो. हे काम आजच्या आवृत्त्या बऱ्यापैकी करतात, पण मुळातच छताला टेकलेलं गाणं या मोजणीत पुन्हा छाटलं जाऊ शकतं. त्यावर उपाय दोन. साउंड सेटिंगमध्ये डॅकचा 'डिफॉल्ट फॉरमॅट' आपल्या बहुतेक गाण्यांना जुळेल असा ठेवावा, किंवा प्लेअरला 'एक्सक्लुझिव्ह' पद्धतीने थेट डॅकशी बोलू द्यावं. दुसऱ्या पद्धतीत मधला मिक्सर वगळला जातो. ईमेलची टिंग मग ऐकू येत नाही, हा वरचा फायदा.

कधीकधी ही गफलत इतकी होते की सूरच सरकतो. फाइलच्या माथ्यावर लिहिलेला वेग चुकीचा असेल किंवा ड्रायव्हर गोंधळला असेल, तर ४४,१०० चं गाणं ४८,००० च्या वेगाने धावतं. गाणं साधारण नऊ टक्के जलद होतं आणि सूर दीड श्रुतीने नव्हे, जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. काळी एकमधला गायक पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या अधेमधे कुठेतरी जाऊन पडतो. पेटी घेऊन बसा, एकही पट्टी जुळत नाही. गावातल्या भजनी मंडळात पेटी असतेच, आणि या दोषासाठी तिच्याइतकं स्वस्त परीक्षायंत्र मिळणार नाही. अर्थात जुन्या तबकड्यांच्या बाबतीत जरा सबुरीने घ्या. सुरुवातीच्या काळात '७८' म्हणवणाऱ्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांवर कोरलेल्या नव्हत्या, त्यामुळे पट्टी न जुळण्याचा दोष तुमच्या डॅकचा नसून शंभर वर्षांपूर्वीचा असू शकतो.

वेग सांगितल्याशिवाय ध्वनिमुद्रण निरर्थक असतं, हे १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोनेरी तबकडी बसवणाऱ्यांनी नीट ओळखलं होतं. गोव्यात केरीला जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी त्या तबकडीवर आहे. ऐकणारा माणूस नसेल, त्याला मिनिट ठाऊक नसेल, म्हणून तबकडीच्या वेष्टनावर एका फेरीला किती वेळ लागावा ते हायड्रोजनच्या अणूतल्या एका ठरावीक कालावधीच्या हिशेबात कोरलं. आपल्या घड्याळात तो वेळ ३.६ सेकंद. परग्रहवासीयाला केसरबाई योग्य पट्टीत ऐकू याव्यात याची एवढी काळजी, आणि आपल्या लॅपटॉपवर तेच काम फाइलच्या माथ्यावरचे चार बाइट करतात. ते चुकले की केसरबाई भलत्याच बाई होतात.

नानांची दुसरी तक्रार टक् टक् ची. ती यूएसबीच्या कारभारातून येते. पेन ड्राइव्हवर फाइल उतरवताना एखादा तुकडा खराब पोचला तर संगणक तो पुन्हा पाठवतो. आवाजाच्या बाबतीत ही सवलत नाही. तुकडा वेळेवर आला नाही तर गाणं पुढे गेलेलं असतं, त्यामुळे पुन्हा पाठवण्याची पद्धतच ठेवलेली नाही. साध्या डॅकला यूएसबीवरून दर मिलिसेकंदाला एक पाकीट येतं. ४४,१०० ला हजाराने पूर्ण भाग जात नाही, म्हणून नऊ पाकिटांत ४४ नमुने आणि दहाव्यात ४५, असा हिशेब चालतो. सेकंदाला हजार पाकिटं, आणि त्यातलं एक चुकलं की टक्.

पाकीट चुकतं कशामुळे? वायर सैल, यूएसबी हबवर प्रिंटर-डिस्क-माउस यांची गर्दी, पुढच्या बाजूचं पोर्ट झिजलेलं, ही नेहमीची कारणं. पण नानांकडे लॅपटॉपच वेळेवर पाकीट भरत नव्हता. वीज वाचवण्याच्या सेटिंगमुळे प्रोसेसर डुलक्या काढत होता आणि वायफायचा ड्रायव्हर मधूनच त्याला अडवून धरत होता. वायफाय बंद केलं, टक् टक् थांबलं. चालू केलं, परत आलं. याहून स्वच्छ पुरावा नको. अशा वेळी प्लेअरमधला बफर वाढवावा. बफर म्हणजे घराच्या गच्चीवरची टाकी : नळाला पाणी अधूनमधून गेलं तरी टाकी भरलेली असेपर्यंत मोरीतली धार तुटत नाही. टाकी मोठी केली तर प्लेचं बटण दाबल्यावर गाणं अर्ध्या सेकंदाने सुरू होईल, एवढंच. रेकॉर्डिंग करणाऱ्याला हा उशीर चालत नाही, ऐकणाऱ्याला काय घाई? त्यासोबत पॉवर प्लॅनमध्ये यूएसबीचं 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करावं आणि डॅक हबला न लावता थेट लॅपटॉपला लावावा.

जुन्या संगणकावर नवा डॅक लावणाऱ्यांनी एक गोष्ट पडताळावी. उंच नमुनागती घेणारे डॅक 'यूएसबी ऑडिओ क्लास २' या पद्धतीने बोलतात. विंडोजला ही भाषा स्वतःहून समजू लागली ती २०१७ सालच्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून. त्याआधीच्या विंडोजला डॅकच्या कंपनीचा ड्रायव्हर घालावाच लागतो. लिनक्स आणि मॅकला हे आधीपासून जमत होतं.

गाण्याऐवजी एकदम मोठा फस्स आवाज आला आणि त्यात गाणं नावालाच किंवा मुळीच नसेल, तर आकडे चुकीच्या पद्धतीने वाचले जात आहेत. डीएसडी नावाच्या फाइली साध्या पाकिटांत लपवून पाठवतात, तेव्हा वाटेत कोणी आवाजाची पट्टी हलवली तर हे हमखास होतं. या फस्स आवाजाने स्पीकरमधला छोटा ट्वीटर जळू शकतो. तेव्हा नवीन सेटिंग करताना ॲम्प्लिफायरची खुंटी नेहमी खाली ठेवावी.

वेशीच्या पलीकडे आलो. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो पातळीचा, आणि तो घरात कमी, देवळात जास्त. डॅकच्या लाइन आउटमधून पूर्ण आवाजात साधारण दोन व्होल्ट बाहेर पडतात. हरिनाम सप्ताहात, काकड्याला किंवा गणपतीत देवळाचा जो ॲम्प्लिफायर लावतात, त्याच्या बहुतेक तोंडांवर 'माइक' लिहिलेलं असतं. माइकमधून येतात एक-दोन मिलिव्होल्ट. माइकसाठी केलेल्या तोंडात दोन व्होल्ट सोडले म्हणजे अपेक्षेच्या हजारपट. खुंटी कितीही खाली घ्या, आवाज आत शिरल्याबरोबरच फाटतो, कारण खुंटी पुढे असते आणि फाटण्याची जागा मागे. आवाज कमी होतो पण फाटका तो फाटकाच राहतो, ही याची खूण. त्याच डब्याच्या मागे 'ऑक्स' किंवा 'लाइन' लिहिलेलं तोंड असतं. वायर तिथे घाला. तिथे नसेलच, तर आवाज लॅपटॉपवरच बराच खाली उतरवून काम भागवावं लागतं.

दुसरी गंमत हेडफोनच्या पिनेची. गाणं लावलं तर पेटी-सारंगी ऐकू येते आणि गायक मात्र विहिरीच्या तळाशी गेल्यासारखा, किंवा अजिबात गायब. पिन अर्धी बसली आहे किंवा तिची समाईक तार तुटली आहे. मग दोन्ही बाजूंच्या आवाजांतला फरकच तेवढा उरतो, आणि गायक बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये बरोबर मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखा असल्यामुळे वजाबाकीत निघून जातो. पिन पूर्ण आत दाबा. गायक परतला नाही तर वायर बदला. इथे वायर बदलण्याला माझी हरकत नाही.

नानांची तिसरी तक्रार, चार्जरची घूं. गाणं थांबवल्यावरही ती राहते, यातच निकाल आहे : फाइल, प्लेअर, विंडोज यांतलं कोणीही गुन्हेगार नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. थेट तिची गुणगुण खर्जात असते, आणि पॉवर सप्लायमधून गाळून राहिलेली १०० हर्ट्झची त्याच्या वर. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि घूं बंद झाली, तर वाट सापडली. लॅपटॉपचा चार्जर एका प्लगवरून जमिनीशी जोडलेला, ॲम्प्लिफायर दुसऱ्या प्लगवरून, आणि दोघांच्या मध्ये यूएसबी व सिग्नलच्या वायरींचं कवच. या वळशातून वीज फिरते आणि ती आवाजात मिसळते. घरात अर्थिंगच नसेल तर प्रकार वेगळा. दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की बारीक झिणझिण्या जाणवतात. तीच गळती आवाजात करकर होऊन येते.

वरव्यासारख्या गावात जुन्या घरांतलं अर्थिंग हा गंभीर विषय आहे. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थ नावापुरताच उरतो. तिथे मीठ-कोळसा घालून पाणी ओतणं ही रीत गावच्या वायरमनला ठाऊक असते. लॅपटॉप, डॅक, ॲम्प्लिफायर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतलं तर वळसा लहान होतो आणि घूं बहुधा बसते. नानांची तशीच बसली. डॅकला ऑप्टिकल तोंड असेल आणि संगणकालाही असेल, तर प्रकाशाच्या धाग्यातून वीज वाहत नसल्याने वळसाच तुटतो. एक उपाय मात्र कोणी सांगितला तरी करू नका : चार्जरची किंवा ॲम्प्लिफायरची तिसरी पिन काढून टाकणं. घूं थांबते हे खरं. पण ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. साध्या इन्व्हर्टरवर गेल्यावरच करकर येत असेल, तर दोष त्याच्या खडबडीत लहरीचा. लाइट आल्यावर ती आपोआप जाते.

स्पीकरकडे संशय सगळ्यात शेवटी जातो, आणि या भागात तो जरा आधी जायला हवा. पावसाळ्यात भोर-वेल्ह्याकडे हवा आठवडेच्या आठवडे ओली असते. कागदी शंकू फुगतो, त्याच्या कडेची फोमची झालर चुरते, आत मुंग्या घर करतात. आवाजाची गुंडाळी चुंबकाला घासू लागली की ठरावीक स्वरांवर खर्र वाजतं. हे ओळखायला स्पीकरच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा, अर्थात ॲम्प्लिफायर बंद करून. खरखर त्याच डब्यात राहिली तर डबाच दोषी. दुसऱ्या डब्यात गेली तर दोष मागे कुठेतरी आहे. मग तीच अदलाबदल एक ठाणं मागे, डॅकच्या वायरींपाशी करा.

आणि तपासताना गाणं लावू नका. गाण्यात मन गुंततं, कान हलतो. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घ्या, त्यात ४४० हर्ट्झचा साधा सूर, निम्म्या उंचीचा, तयार करा आणि तोच वाजवा. साधा सूर निर्दय असतो, त्यात एक टिचकी, एक खरखर लपत नाही. तो संगणकाऐवजी मोबाइलला डॅक जोडून वाजवला आणि स्वच्छ आला, तर डॅक सुटला. डॅकला हेडफोनचं तोंड असेल तर तिथेच ऐकून बघा. स्वच्छ असेल तर पुढचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर पाहा, नसेल तर मागे चला. वाट मधोमध तोडायची आणि प्रत्येक वेळी निम्मी निर्दोष ठरवायची, म्हणजे फार हिंडावं लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मात्र पथ्य. दोन बदलल्या तर आवाज सुधारेल, पण कशाने ते कळणार नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून.

सगळं करून नानांच्या संग्रहातली काही गाणी तरी फाटकीच वाजत होती. त्यातली एक ऑडॅसिटीत उघडली आणि 'शो क्लिपिंग' चालू केलं, तर ठेहरावाच्या जागी लाल रेघांचं रानच उगवलं. माथे फाइलमध्येच कापलेले. असं गाणं कुठल्याही डॅकवर, कितीही किमतीच्या, असंच वाजणार. जुन्या मराठी ध्वनिमुद्रणांच्या नशिबी हे फार येतं. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली ५६ गीतांच्या मालिकेतून घरोघरी गेलेल्या गीतरामायणासारख्या लोकप्रिय गोष्टींच्या आज कितीतरी प्रती फिरतात. त्यांतली कुठली मूळ टेपवरून आली आणि कुठली कुणाच्या कॅसेटच्या कॅसेटवरून, ते नावावरून कळत नाही. वाटेत कुणीतरी मीटरचा काटा लाल पट्ट्यात ठेवून नक्कल केलेली असते. नंतर ती कमी दर्जाच्या एमपी३त दाबली जाते, आणि पुढे कुणीतरी तीच पुन्हा सेकंदाला '३२०' किलोबिटांची करून पाठवतो. आकडा मोठा झाला म्हणून गेलेला आवाज परत येत नाही. ऑडॅसिटीच्या स्पेक्ट्रममध्ये १६,००० हर्ट्झच्या आसपास कात्रीने कापल्यासारखी रेघ दिसली, तर ती '३२०' ची फाइल एकेकाळी १२८ ची होती असा संशय घ्यायला जागा आहे. जुन्या तबकडीच्या बाबतीत हा निकष लावू नका, तिच्यात तेवढ्या उंचीचा आवाज मुळात नव्हताच.

म्हणून तबकड्या जपून, स्वच्छ करून, नीट सुईने आणि पातळी राखून संगणकावर उतरवणाऱ्यांचं काम मोलाचं आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींनी हे वेड जोपासलं. त्यांच्यासारख्या माणसाच्या हातची प्रत आणि व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत यांतला फरक ओळखायला महागडा डॅक लागत नाही, साधा हेडफोन पुरतो.

छाटलेले माथे जोडून देणारे प्रोग्रॅम मिळतात. ते अंदाजाने लहर गोल करतात, गेलेला स्वर परत आणत नाहीत. तेव्हा अशा फाइलीच्या मागे लागून नवी यंत्रं घेऊ नका, त्याच मैफिलीची किंवा त्याच तबकडीची दुसरी प्रत शोधा. आणि सापडली की ती एमपी३ न करता, जशी आहे तशी, दोन ठिकाणी ठेवून द्या.